ईएफ 60 टक्के म्हणजे हृदय ठीक? एक्मोचं ठरवताना उजवी बाजू बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ 38 वर्षांचा, स्वाइन फ्लूचा न्यूमोनिया, ऐरोलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात चार दिवस व्हेंटिलेटरवर, ऑक्सिजन 90 टक्क्यांवर ठेवूनही रक्तातला ऑक्सिजनचा दाब म्हणजे पीओटू 65, दोनदा पालथं झोपवून झालं, बीपीसाठी नॉरअ‍ॅड चालू आणि ती वाढतेय, लघवी कालपासून कमी. इकोत म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत ईएफ 60 टक्के, खाली बारीक अक्षरात उजवी बाजू डायलेटेड, म्हणजे फुगलेली. एक डॉक्टर म्हणतात एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं मशीन, तो फुप्फुसाचा लावू, म्हणजे व्हीव्ही, शिरेतून शिरेत. दुसरे म्हणतात बीपी एवढं पडतंय तर व्हीए लावा, शिरेतून धमनीत, त्याने हृदयालाही आधार मिळेल. आणि तुमची भीती ही की मशीन रक्त ढकलणार, मग त्या दमलेल्या हृदयावर अजून लोड येणार नाही का, आणि व्हीव्ही लावलं आणि हृदय थांबलं तर काय.

मी ठाण्यात आयसीयू बघतो, वीस वर्षं होतील आता. भावाला मी तपासलेलं नाही त्यामुळे शेवटचा शब्द तिथे बेडजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरचाच. पण तुम्ही दिलेल्या माहितीवर माझं मत सांगतो, व्हीव्ही. आणि का ते नीट सांगतो, कारण आमच्यातलेही बरेच जण इथे गडबडतात.

सगळ्यात आधी तो ईएफ. इकोचा कागद हातात आला की नातेवाईक आणि खरं सांगायचं तर अर्धे ज्युनियर डॉक्टर पण तेवढाच आकडा वाचतात. 60 आला की हुश्श. पण तो आकडा फक्त डाव्या बाजूचा आहे, डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो एवढंच तो सांगतो. उजव्या बाजूबद्दल त्यात अक्षर नाही. आणि फुप्फुसं एवढी खराब झाल्यावर मार बसतो तो उजव्या बाजूलाच.

आता असं बघा, तुमच्या सोसायटीत दोन पंप आहेत समजा. एक विसाव्या मजल्याच्या टाकीला पाणी चढवतो, दणकट. दुसरा फक्त तळमजल्यावरच्या बागेला पाणी देतो, छोटा. डावी बाजू तो मोठा पंप, भिंत साधारण एक सेंटीमीटर जाड, सरासरी 90 च्या प्रेशरला अख्ख्या अंगाला रक्त देते. उजवी बाजू बागेचा पंप, भिंत 3-4 मिलीमीटर, आणि फुप्फुसातलं सरासरी प्रेशर जेमतेम 15. तिला जोर लावायची सवयच नाही, जन्मापासून कधी गरजच पडली नाही. आता बागेची नळी कोणीतरी मुरगळून धरली तर काय होईल? पंप फुगणार, तापणार, पाणी मागे साचणार.

भावाच्या फुप्फुसात ती नळी चार-पाच हात मिळून मुरगळतायत. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात, ही शरीराची हुशारी आहे, वाया जाणारं रक्त चांगल्या भागाकडे वळवायची. पण सगळंच फुप्फुस खराब असेल तर सगळीकडेच आवळतात आणि हुशारी अंगाशी येते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, रक्त आम्लधर्मी झालं की अजून आवळतात. बारीक रक्तवाहिन्यांत सूज आणि बारीक गुठळ्या असतात त्या वेगळ्याच. आणि चौथा हात आमचा, व्हेंटिलेटरचा. ऑक्सिजन वाढावा म्हणून आपण पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेला दाब वाढवतो, प्रेशर वाढवतो, हवेच्या पिशव्या फुगतात आणि त्यांच्या भिंतीतल्या केसासारख्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे फुप्फुस वाचवायला लावलेलं मशीन हृदयाचा उजवा कप्पा दमवतं. हे कोणाची चूक म्हणून सांगत नाहीये, त्या क्षणी दुसरा इलाज नसतो.

फ्रान्समध्ये अशा 752 पेशंटचा अभ्यास झाला होता, सगळे मध्यम किंवा गंभीर एआरडीएसचे, म्हणजे दोन्ही फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घसरलेले, सगळे व्हेंटिलेटरवर. त्यात 22 टक्के लोकांची उजवी बाजू अशी अचानक दमलेली सापडली. कोणाला धोका जास्त ते पण त्यातून निघालं, चार गोष्टी, आजाराचं मूळ न्यूमोनिया असणं, व्हेंटिलेटरचं ड्रायव्हिंग प्रेशर (दर श्वासाला फुप्फुस फुगवायला लागणारा दाब) 18 किंवा वर, पीओटू भागिले ऑक्सिजनचं प्रमाण हा रेशो 150 च्या खाली, कार्बन डायऑक्साइड 48 किंवा वर. भावाचा रेशो 65 भागिले 0.9 म्हणजे 72. न्यूमोनिया तर आहेच. दोन खुणा इथेच झाल्या, बाकीचे दोन आकडे आजच विचारा, आयसीयूच्या चार्टवर लिहिलेले असतात.

मग बीपी का पडतं? उजव्या बाजूतून फुप्फुसातून रक्त पुढे गेलं तरच डाव्या बाजूला भरायला काही मिळतं. त्यात दोन्ही कप्पे एकाच पिशवीत शेजारी शेजारी आहेत, मधे एक पडदा. उजवा फुगला की तो पडदा डावीकडे ढकलतो. इकोच्या आडव्या कटमध्ये डावा कप्पा गोल भाकरीसारखा दिसायला हवा आणि उजवा त्याला टेकलेली चंद्रकोर. उजवा दमला की भाकरी अर्धी होते, एक बाजू सपाट, आम्ही त्याला डी शेप म्हणतो. आता अर्ध्या भाकरीतलं 60 टक्के रक्त बाहेर पडलं तरी ईएफ 60 च येणार ना! आकडा छान आणि बीपी खाली, याचं कोडं इथे सुटतं. (स्वाइन फ्लूत सेप्सिसमुळे अंगभर रक्तवाहिन्या सैल पडूनही बीपी पडतं, बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात, म्हणून इको परत करायचा.) आणि लघवी कमी होण्यामागे फक्त बीपी नसतं, उजवीकडे तुंबलेलं रक्त मागे किडनीत लिव्हरमध्ये साचतं त्याचाही हात असतो. अशा वेळी बीपी पडलं म्हणून सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावणं म्हणजे फुगलेल्या पंपात अजून पाणी ओतणं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की सांगता सोय नाही.

आता मशीन. व्हीव्ही एक्मोत जांघेच्या मोठ्या शिरेतून एक जाड नळी वर हृदयाच्या तोंडाशी नेतात, 25 फ्रेंच वगैरे म्हणजे बाहेरून जवळपास 8 मिलीमीटर, तिथून काळसर रक्त पंपाने ओढून ऑक्सिजनेटरमधून फिरवतात आणि मानेतल्या उजव्या शिरेतून परत देतात. मिनिटाला 4 ते 6 लिटर. तुम्ही बेडजवळ गेलात तर दोन नळ्या दिसतील, एक जांभळट काळी आणि एक लालभडक, रंगातला तो फरक बघून कित्येक नातेवाईकांच्या डोळ्यात पाणी येतं, माझ्या पण पहिल्यांदा आलं होतं. शिरेतून घेतं आणि शिरेतच देतं, जेवढं काढलं तेवढंच परत, त्यामुळे उजव्या बाजूला येणारं रक्त वाढत नाही. मशीन हृदयावर रक्त ढकलतं ही तुमची भीती इथे लागू होत नाही.

उलट होतं असं की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आता ऑक्सिजनने भरलेलं रक्त पोचतं, कार्बन डायऑक्साइड उतरतो, आम्लता जाते आणि मुख्य म्हणजे व्हेंटिलेटरचं प्रेशर आम्ही खाली आणू शकतो. म्हणजे नळी मुरगळणारे तीन हात एकदम सैल. उजव्या बाजूला औषध न देता आराम मिळतो.

दोन पावसाळ्यांपूर्वीची केस सांगतो. तुर्भ्याकडे गोडाऊनमध्ये काम करणारा पोरगा, तिशीचा, फ्लूचाच न्यूमोनिया, आमच्याकडे आला तेव्हा नॉरअ‍ॅड चांगलीच हाय, जोडीला व्हेसोप्रेसिन हे बीपीचं दुसरं औषध, रात्रीचे अडीच वाजलेले. इकोचा प्रोब लावला तर उजवा कप्पा डाव्याएवढाच, नॉर्मली त्याच्या सहा दशांशाच्या आत असायला हवा. मधला पडदा दर ठोक्याला उलट्या दिशेला हलत होता. टॅप्सी म्हणजे उजव्या कप्प्याचं बूड ठोक्यागणिक किती सरकतं ते मापलं, 11 मिलीमीटर, 17 च्या खाली आलं की आम्ही काळजी करतो. माझ्याबरोबरचा रजिस्ट्रार म्हणाला सर व्हीए करूया ना. मी म्हटलं डावी बाजू कशी आकुंचन पावतेय बघ, रिकामी आहे पण जोरात मारतेय, तिला काही झालेलं नाही. व्हीव्ही लावलं. पहाटे पाचला व्हेंटिलेटरचं प्लॅटो प्रेशर (श्वास भरून थांबल्यावरचा फुप्फुसातला दाब) 33 वरून 23 वर आणलं, कार्बन डायऑक्साइड हळूहळू उतरवला, मुद्दाम हळू, कारण तो धाडकन खाली आणला तर मेंदूतला रक्तपुरवठा एकदम बदलतो आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. सकाळी नऊच्या राउंडला व्हेसोप्रेसिन बंद, नॉरअ‍ॅड निम्म्यावर, युरिन बॅगेत 200 मिली. परत इको केला तर भाकरी बऱ्यापैकी गोल. रजिस्ट्रारने तो क्लिप फोनमध्ये घेऊन ठेवलाय, अजून दाखवत असतो सगळ्यांना.

सगळ्यांचं असं होत नाही हेही सांगतो, नाहीतर वाटेल जादूच आहे.

मग व्हीए का नको, दोन्हीला आधार मिळत असेल तर बरंच की, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, तेव्हा मी दुसरीकडे होतो, अशाच एका पेशंटला बीपी पडतंय म्हणून आम्ही व्हीए लावला. यात रक्त शिरेतून काढून जांघेच्या धमनीत देतात, ते खालून वर, उलट्या प्रवाहाने महाधमनीत चढतं. पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी मॉनिटरवर सॅच्युरेशन 100, आणि मी राउंडला गेलो तर पेशंटचे ओठ निळे. दोन मिनिटं मला काही सुचेना. मग चादर वर केली, तर सॅच्युरेशनचा प्रोब पायाच्या अंगठ्याला. उजव्या हाताच्या बोटाला लावला तर 74. झालं होतं असं की हृदय सुधारलं आणि जोरात रक्त टाकायला लागलं, पण ते रक्त कुठून येणार, खराब फुप्फुसातून, म्हणजे काळंच. ते काळं रक्त वरून मेंदूला, हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना, उजव्या हाताला. मशीनचं लाल रक्त खालून पोटाला नि पायाला. अर्धा माणूस लाल अर्धा निळा. याला नाव आहे हार्लेक्विन सिंड्रोम. मानेत अजून एक नळी घालून दुरुस्त केलं पण तेवढे तास मेंदूला ऑक्सिजन कमीच मिळाला. ती चूक माझी होती. तेव्हापासून माझ्या युनिटमध्ये व्हीएच्या पेशंटचा प्रोब आणि एबीजीचं (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं) सॅम्पल उजव्या हातातूनच, नर्सिंगच्या पोरींना हे पाठ आहे, मी सांगायची वाट बघत नाहीत.

शिवाय व्हीएत डाव्या बाजूला त्या उलट्या प्रवाहाच्या विरुद्ध जोर लावून रक्त टाकावं लागतं, म्हणजे लोड वाढतो तो खरं तर इथे. पायाला रक्त कमी पडायचा धोका असतो, गुठळी सुटली तर थेट धमनीत जाते. चांगल्या डाव्या बाजूच्या माणसाला हे सगळं विकत घ्यायचं कशाला?

अर्थात व्हीए लागतोच असे पेशंट असतात. स्वाइन फ्लूचा विषाणू कधीकधी हृदयाच्या स्नायूलाच धरतो, मायोकार्डायटिस, आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोतही दिसतं. तेव्हा डावी बाजूच लुळी पडते, ईएफ 15-20, लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण) चढत जातं. किंवा फुप्फुसाच्या मुख्य धमनीत मोठी गुठळी अडकलेली असते. तिथे व्हीव्ही लावून बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि मधली वाट पण आहे, व्हीव्ही चालू असताना हृदय खरंच मान टाकायला लागलं तर तिसरी नळी धमनीत घालून व्हीएव्ही करता येतं, किंवा मानेतून अशी नळी घालतात की तिचं टोक उजवी बाजू ओलांडून थेट फुप्फुसाच्या धमनीत जातं, म्हणजे दमलेल्या कप्प्याला बायपासच. म्हणून व्हीव्ही लावलं आणि हृदय थांबलं तर काय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दार बंद होत नाही. पण त्यासाठी तिथे रोज इको करणारी माणसं हवीत, मशीन लावून निघून जाणारी नकोत.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण नंतर रात्री फोन येतात. व्हीव्हीवर सॅच्युरेशन 86-88 दिसेल. एवढं महागडं मशीन लावून 87 च? तापात त्याचं हृदय मिनिटाला 8 लिटर रक्त फिरवत असेल आणि मशीन त्यातलं 5 लिटर धुऊन देत असेल तर उरलेलं 3 लिटर तसंच, 65 टक्के सॅच्युरेशनवालं, त्यात मिसळणार. ढोबळ हिशोब करा, 5 लिटर शंभरचं आणि 3 लिटर 65 चं, सरासरी 87. हिमोग्लोबिन चांगलं असेल, लॅक्टेट उतरत असेल, लघवी होत असेल तर 87 वर आम्ही शांत झोपतो. 98 करायला व्हेंटिलेटर परत वाढवला तर ज्यासाठी मशीन लावलं तेच वाया.

धोके आहेत, रक्त पातळ ठेवायला हेपरिन लागतं, त्यामुळे रक्तस्राव, सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूतला. इन्फेक्शन. आठवडा-दोन आठवडे धरून चाला, कधी महिनाही जातो. खर्च लाखांत, मशीन सुरू करताना किती आणि नंतर रोजचा किती हे दोन वेगळे आकडे लेखी मागा, लाजू नका.

फायदा किती ते पण सरळ सांगतो. 2018 साली आलेल्या इओलिया अभ्यासात 249 पेशंट होते, 60 दिवसांत एक्मोवाल्यांतले 35 टक्के गेले आणि नुसत्या व्हेंटिलेटरवाल्यांतले 46. संख्याशास्त्राच्या गाळणीतून तो फरक पास झाला नाही, पण त्यातली एक गोष्ट मला जास्त बोलते. नुसत्या व्हेंटिलेटरच्या गटातल्या 28 टक्के लोकांना तब्येत फारच ढासळली म्हणून शेवटी एक्मो लावावाच लागला आणि त्या उशिरा लावलेल्यांतले 57 टक्के गेले. ते जास्त आजारी होतेच, पण उशिराची किंमत पण आहे त्यात. त्या अभ्यासात व्हेंटिलेटरवर सात दिवसांच्या आतलेच पेशंट घेतले होते, रेशो 80 च्या खाली सहा तासांपेक्षा जास्त हा एक निकष होता. भाऊ 72 वर, चौथा दिवस. त्या आधीचा 2009 चा इंग्लंडमधला सीझर अभ्यास, त्यात 90 जणांना एक्मोच्या सेंटरला पाठवायचं ठरवलं होतं, मशीन लागलं त्यातल्या 68 जणांनाच. बाकीच्यांतले बरेच जण तिथल्या नीट काळजीवरच सावरले. म्हणून शिफ्ट करणं म्हणजे मशीन लावणंच असं समजू नका.

पालथं झोपवणं दोनदा केलं म्हणता, किती तास केलं विचारा. निदान 16 तास सलग हवं. त्याने उजव्या बाजूलाही आराम मिळतो, आणि हा फुकटचा उपाय आहे. शिफ्टिंगचं ठरेपर्यंत तिसऱ्यांदा करायला काय हरकत आहे असं मी तरी विचारेन. मिलरिनोन, नायट्रिक ऑक्साइड वगैरे उजव्या बाजूचा ताण कमी करणारी औषधं पुलापर्यंत पोचवणारी आहेत, पूल नव्हे, त्यावर दोन दिवस घालवू नका.

तर उद्याची वाट न बघता आजच त्यांना म्हणा, उजव्या बाजूचा इको परत करा, कार्बन डायऑक्साइड आणि ड्रायव्हिंग प्रेशर किती ते सांगा, आणि एक्मो सेंटरच्या टीमशी थेट बोला. शक्य असेल तर त्यांची टीमच ऐरोलीला येऊन तिथेच मशीन लावून घेऊन जाऊ दे, रेशो 72 असताना नुसत्या व्हेंटिलेटरवर प्रवास म्हणजे जुगार असतो. टीम येणार नसेल तर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन मोजून घ्या. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो, मिनिटाला 15 लिटरने 100 मिनिटं, कागदावर. ऐरोली पुलावर किंवा मुलुंड नाक्याला संध्याकाळी अडकलात तर ती 100 मिनिटं कशी जातात ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे दोन सिलिंडर एक्स्ट्रा आणि निघायचं ते सकाळी सहाच्या आत किंवा रात्री अकरानंतर. आणि बरोबर जाणाऱ्या डॉक्टरला विचारून घ्या की नॉरअ‍ॅडचा दुसरा सिरिंज पंप भरून तयार ठेवलाय का, पहिला संपून दुसरा लावेपर्यंतच्या दोन मिनिटांत असं हृदय बंद पडलेलं मी बघितलंय.